एका चुलीवरचं कुटुंब

३ तारीख, सोमवार
सर्व्हेचा सुपरवायझर झालो. बँकेत खातं नसलेली घरं मोजायची आहेत. ट्रेनिंगमध्ये व्याख्या मीच फळ्यावर लिहिली: एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, त्यात एकाचंही खातं असलं की घर खात्याचं. घरोघर फिरणारी चष्मेवाली म्हणाली, सर, मग घरात ज्याचं खातं नाही, तो माणूस कुठे मोजायचा? म्हटलं, शंका कमी, काम जास्त.
आमची गल्ली शून्यावर आणणार. साहेबांना शब्द दिलाय.

५ तारीख, बुधवार
गल्लीत एकच अडचण. आमच्याच मागच्या खोलीत बाबा. वेगळे असे नाहीतच, फक्त गेले पाच महिने स्वतःचं स्वतः शिजवतात. मिठावरून कुरबुर झाली, मी बोलून गेलो, पटत नसेल तर स्वतः करून खा. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, शब्दसुद्धा मापात धरतो. निवळेल आपोआप.
खातं त्यांनी कधी काढलंच नाही. मीच म्हणायचो, मी असताना तुम्हाला खातं कशाला?
उद्या जाऊन बोलतो. नक्की.

६ तारीख
मीटिंग लांबली.

७ तारीख, शुक्रवार
दारापर्यंत गेलो होतो. आतून फोडणीचा आवाज आला. जेवणाच्या वेळी कोणाला डिस्टर्ब करू नये.

१० तारीख, सोमवार
उद्या चष्मेवाली आमच्या गल्लीत. भारी आयडिया सुचली: आजच सगळे एकत्र जेवायचं. बायको म्हणाली, तुम्ही स्वतः बोलवा. गेलो. बाबा लगेच उठले. इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून आले. भाजी दोनदा घेतली. मीठ कमी होतं, पण बोलले नाहीत. मला खरंच भरून आलं.
मग मुद्द्यावर आलो. उद्या बाई येतील, आपली चूल एकच म्हणून सांगा, परवापासून तुमचं तुम्ही बघा. बाबा बरं म्हणाले. जाताना आपलं ताट घासून ठेवलं.
बायको माझ्याशी बोलत नाहीये. काम मात्र फत्ते.

११ तारीख, मंगळवार
चष्मेवालीने आमच्या दारात दोन घरं लिहिली. बाबांनी सांगितलं, मी वेगळा. माणूस एक, खातं नाही. गल्लीतलं एकुलतं एक बिनखात्याचं घर, तेही माझ्या बापाचं. तिच्यावर चिडलो तर म्हणाली, व्याख्या तुमचीच आहे, सर.

१२ तारीख, बुधवार
सुपरवायझरला फेरतपासणीचा अधिकार असतो. गळ्यात आयकार्ड अडकवून मागच्या खोलीत गेलो. मुलगा म्हणून जायला धीर होत नव्हता, हे इथे लिहायला हरकत नाही.
बाबांनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. एकाच बर्नरची शेगडी, एकच ताट. माणसं किती विचारलं. एक म्हणाले. खातं? नाही. मग शेवटचा प्रश्न, अडीअडचणीला कोणाकडे जाल? म्हणाले, शेजारी एक कुटुंब आहे. माणसं वाईट नाहीत, पण त्यांना वेळ नसतो.
'शेजारी' वर खूण केली. सही घेतली. पाणी संपलं तरी उठवेना.
बाबांनी विचारलं, अजून काही विचारायचंय का?
जेवायला येता का, एवढंच राहिलं होतं. नाही म्हणालो आणि उठलो.