सावडीवर गेलेला स्ट्रायकर

१ जुलै, रात्री

आज प्राचार्य मॅडमनी बोलावून घेतलं. यंदाही क्रीडा विभागाचा चार्ज माझ्याकडेच. कॉमर्स शिकवणाऱ्या माणसाकडे फुटबॉल का, असं स्टाफरूममध्ये काहीजण कुजबुजतात. कुजबुजू देत. मी रात्र रात्र जागून युरोपातल्या मॅच बघतो, हे त्यांना माहीत नाही. बायकोला, हर्षलाला, माहीत आहे. तिचं मत वेगळं आहे.

मॅडम स्पष्टच म्हणाल्या, की गेल्या वर्षी माणसं जमली नाहीत म्हणून आपण वॉकओव्हर दिला. यंदा पुन्हा दिला तर कॉलेजचा फुटबॉल कायमचा बंद. मी म्हटलं, मॅडम, यंदा क्वार्टर फायनल कुठे गेली नाही. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

संकल्प: १) रोज पहाटे साडेपाचला उठणे. २) टीमची प्रॅक्टिस रोज सहाला. ३) रात्री भात बंद.

२ जुलै

यंदाच्या टीमचा अंदाज लिहून ठेवतो. पुढेमागे कुणी मुलाखत घ्यायला आलं तर हाताशी असावा.

गोलकीपर ओमकार. शनिवार-रविवार कळंबच्या रिसॉर्टवर वेटर असतो. एका हातावर सहा प्लेटा नेतो, एक पडत नाही. बॉल मात्र पडतो. सवयीचा भाग आहे.

डिफेन्सला मोरू. दहीहंडीत सगळ्यात खालच्या थरात असतो. एकदा उभा राहिला की हलत नाही. डिफेंडरकडून आणखी काय हवं?

उजव्या बाजूला माथेरानचा एक पोरगा आहे, सुट्टीत घोड्यांमागे धावतो. वेग भयंकर. फक्त बॉल मागे राहतो आणि हा पुढे निघून जातो. सांगितलं की कळेल.

आणि स्ट्रायकर इद्रिस. खालापूरचा. वडिलांचं टायर पंक्चरचं दुकान आहे. याच्याबद्दल मात्र खरंच काही बोलायला नको. पायात बॉल आला की बाकीचे उभे राहून बघतात, त्यात आपलेही असतात. शेवटचं वर्ष आहे त्याचं. आंतरकॉलेज झोन स्पर्धेच्या पहिल्या मॅचला युनिव्हर्सिटीचे निवडसमितीवाले येतात. तेवढी एकच संधी. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, तुला युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये घालतोच. त्याने मान डोलावली. माझा शब्द म्हणजे शब्द.

४ जुलै

पहिली प्रॅक्टिस. मी सव्वासातला पोचलो. अलार्म वाजला होता, पण गजरावर उठणं शरीराला घातक असतं असं कुठेतरी वाचलंय. मैदानावर फक्त इद्रिस. सहापासून भिंतीवर बॉल मारत होता. संख्या कमी असली की वैयक्तिक लक्ष देता येतं. मी पंधरा मिनिटं वैयक्तिक लक्ष दिलं. मग पहिलं लेक्चर होतं.

७ जुलै

आजही इद्रिसच. बाकीचे कुठे आहेत म्हणून विचारलं, तर म्हणाला, सर, लावणी चाललीय. सगळे आपापल्या शेतावर. आमचं शेत नाय म्हणून मी हाय.

ओमकारला फोन केला. मागून बायकांचा गलका आणि पाण्याचा आवाज. म्हणाला, सर, महिनाभर तरी जमायचं नाय. एका घरचं झालं की दुसऱ्या घरी सावड. आज मी त्यांच्याकडं, उद्या त्यांचा माणूस आमच्याकडं. मग ऑगस्ट उजाडतो, आणि मॅच चार ऑगस्टला. मी फोन ठेवला आणि वडापाव खाल्ला. विचार करायला ताकद लागते.

८ जुलै, दुपारी, लेक्चर चालू असताना

सुचलं! पोरं शेतावर असतील, तर टीमच शेतावर न्यायची. अख्ख्या टीमने एकेका घरी सावड करायची. एका दिवसात एक शेत. लावणी पंधरवड्यात आटोपेल आणि स्टॅमिना फुकटात. असं डोकं मुंबईच्या कॉलेजांतही नसेल.

सुरुवात कुठून करायची? नीट विचार केल्यावर आमचं कळंबचं शेतच सोयीचं वाटलं. दोन वर्षं माणूस मिळाला नाही म्हणून ते ओसाड पडलंय. पण हा निव्वळ योगायोग. हर्षलाला सांगितलं तर ती बराच वेळ हसत होती. तिला खेळातलं कळत नाही.

१२ जुलै

ऐतिहासिक दिवस. पूर्ण टीम हजर! जर्सी घालून कुणी आलं नव्हतं तेवढंच.

आईने नांगरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने करून घेतली होती, रोपं शेजाऱ्यांकडून आणली होती. मी बांधावर छत्री आणि शिट्टी घेऊन उभा. पोरं ओळीत खाचरात. लावणी करताना माणूस वाकून रोप खोचतो आणि एकेक पाऊल मागे सरकतो. मला लगेच दिसलं, हीच तर डिफेन्सची ड्रिल! ओळ न मोडता मागे सरकायचं. मी बांधावरून ओरडत होतो, लाइन धरा, लाइन धरा. शेजारच्या शेतातल्या गोदाताई थांबून बघत राहिल्या.

इद्रिस पहिल्यांदाच चिखलात उतरला. आधी रोपं वाकडी लावली, मग दुपारपर्यंत ओमकारच्या बरोबरीने चालला. संध्याकाळी शेत हिरवं. आई इतकी खूश, की तिने कोंबडी केली.

रात्री ताटावर आई म्हणाली, धनेश, येवढ्या घरांची सावड घेतलीस, ती फेडावी लागल रं. परत्येक घराला आपल्या घरचा माणूस, येक येक दिस. माझी आता कंबर चालत नाय. मी म्हटलं, बघतो. आई जुन्या काळातली आहे. तिला टीमवर्क ही कल्पना नवीन आहे.

१५ जुलै

ओमकारकडे लावणी. ओमकारची आई ललिताबाई दारातच म्हणाली, सर, तुमी उतरणार ना? तुमच्या घरची सावड हाय. मी समजावलं, की कोच मैदानात उतरत नसतो. तिला पटलं नाही. हातात पोहे घेऊन बघत राहिली.

माझी पाठ कॉलेजच्या दिवसांपासून नाजूक आहे. शिवाय कागदोपत्री कामं. तेव्हा तोडगा काढला: माझ्या घरचा माणूस म्हणून इद्रिस जाईल. त्याचं स्वतःचं शेत नाही, म्हणजे तो मोकळाच. आणि टीममध्ये सर्वांत जास्त फिटनेस स्ट्रायकरलाच लागतो. त्याने विचारलं, सर, ही कुणाची सावड? मी म्हटलं, टीमची. तो उतरला.

१९ जुलै

ज्यांची स्वतःची शेतं झाली त्यांना आज सुट्टी. इद्रिस मोरूकडे. सकाळी सहाच्या एसटीने खालापूरहून येतो. माझ्या नोंदीप्रमाणे त्याचा स्टॅमिना वाढत आहे. मी प्रत्यक्ष गेलो नाही, पण अंदाज येतो.

आजपासून डबल सेशन. शेतावरून आला की बूट घालून थेट मैदानात. मधे पाय वाळवायला वेळ जातो, तो मी वाचवला.

२३ जुलै

मैदानावर आज नऊजण! लावणी आटोपत आली, माझं गणित बरोबर निघालं. सराव सामना घेतला. एक गोष्ट लक्षात आली. समोरून बॉल आला, की आपला डिफेन्स सगळा एका ओळीत मागे सरकतो. मागे, मागे, मागे, थेट गोलपोस्टपर्यंत. ओमकारला उभं राहायला जागा उरत नाही. शिस्त वाखाणण्यासारखी. दिशेचं नंतर बघू.

इद्रिस जरा लंगडत होता. बूट नवीन असतील.

२६ जुलै

इद्रिसच्या पायांना मेंदी! मी विचारलं, घरी लग्न वगैरे आहे का? तो नुसता हसला. पोरं त्याला नवरी म्हणून चिडवत होती. टीममध्ये असं हसतंखेळतं वातावरण हवंच.

रात्री सहज हर्षलाला सांगितलं. तिने जेवण थांबवलं. म्हणाली, अहो, ती चिखल्यांवर लावतात. बोटांच्या बेचक्या सडल्या असणार पोराच्या. लावणीत सरावलेल्या पायांनाही होतात, हा तर पहिल्यांदा उतरलाय. आणि किती घरं राहिलीत अजून तुमची?

मी म्हटलं, चार. ती उठून गेली.

मी काही राक्षस नाही. उद्याच त्याला सुट्टी देतो.

२७ जुलै

इद्रिसला सुट्टी द्यायला फोन केला, पण तो आधीच टीममधल्या एका पोराच्या आईच्या, जिजाकाकूंच्या, शेतावर पोचला होता. पोहोचलाच आहे तर म्हटलं राहू दे. फोनवर सांगितलं, हळद लाव. तो हो म्हणाला.

३१ जुलै

आमच्या घरची सगळी सावड फिटली! आई म्हणाली, आता गावात तोंड दाखवायला मोकळी. मलाही हलकं वाटलं. इद्रिसला आता तीन दिवस पूर्ण विश्रांती. तरुण रक्त आहे, भरून येईल.

संकल्प: मॅचच्या दिवशी पांढरा शर्ट घालणे. टीव्हीवरचे कोच घालतात.

४ ऑगस्ट, पनवेल, सकाळी

अकरा जण हजर. अकरा! वॉकओव्हरचं नाव नाही. मी मॅडमना मैदानाचा फोटो पाठवला.

इद्रिस चप्पल घालून आलाय. बूट बॅगेत आहेत. निवडसमितीचे दोन गृहस्थ समोरच्या खुर्च्यांवर बसलेत. मी त्यांना जाऊन नमस्कार केला आणि म्हटलं, आमच्या नऊ नंबरवर लक्ष ठेवा.

४ ऑगस्ट, रात्री

बूट चढला नाही.

इद्रिसने दोनदा घालून पाहिला. दुसऱ्यांदा मोजा रक्ताने ओला झाला. मग म्हणाला, सर, अनवाणी खेळतो. रेफ्रीने साफ नकार दिला, बुटाशिवाय मैदानात येऊ देत नाहीत. मी रेफ्रीशी भांडलो. मनापासून भांडलो, हे लिहून ठेवतो. तो म्हणाला, पोराचे पाय बघितलेत का तुम्ही? मी तोपर्यंत मेंदी बघितली होती, पाय नव्हते बघितले. बघितले. ते इथे लिहीत नाही.

दहाजण खेळले. समोरून बॉल आला, की मागे, मागे, मागे. सात गोल बसले, त्यातले दोन आपल्याच माणसांच्या पायांना लागून. मोरू एकदाही हलला नाही, आणि त्याच्याभोवतीने सगळे जात राहिले. हाफटाइमला निवडसमितीतल्या एकाने येऊन विचारलं, तुमचा तो नऊ नंबर कुठाय? मी बाकाकडे बोट दाखवलं. त्याने घड्याळ बघितलं आणि दुसऱ्या ग्राउंडवर गेला.

इद्रिस बाकावरून ओरडत होता, पुढं या रं, पुढं या! मॅच संपेपर्यंत ओरडत होता. मला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. परत येताना पोरं टेंपोत मागे बसली. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो.

५ ऑगस्ट

मॅडमनी बोलावून अभिनंदन केलं. पूर्ण टीम मैदानात उतरली, वॉकओव्हर नाही, फुटबॉल चालू राहणार. नोटीस बोर्डावर माझं नाव लागलं. मी दिवसभर त्या बाजूने गेलो नाही, जिन्याने वळसा घालून वर्गावर गेलो.

१० ऑगस्ट

खालापूरला जाऊन आलो. इद्रिसच्या घरी. हर्षलाने सफरचंदं दिली होती आणि बजावलं होतं, की माफी मागितल्याशिवाय परत येऊ नका. वाटेत एसटीत चार वाक्यं पाठ केली. चांगली होती.

इद्रिस पाय पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून खाटेवर. डॉक्टर म्हणालेत, इन्फेक्शन आत गेलंय, महिनाभर बूट नको. त्याची आई शरीफाबाई चहा घेऊन आली आणि उलट माझेच आभार मानायला लागली. म्हणाली, सर, आमचं शेत नाय, आमाला सावडीला कोन बोलावतं? तुमच्यामुळं पोरगा येवढ्या घरांत जेवला. गावागावात ओळखी झाल्या.

मी पाठ केलेलं पहिलं वाक्य काढलं. म्हटलं, इद्रिस, ती सावड खरं म्हणजे टीमची नव्हती.

तो म्हणाला, ठाऊक हाय, सर. तुमची होती. ओमकारच्या आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं.

मी विचारलं, मग गेलास कशाला?

तो म्हणाला, तुमी मला युनिव्हर्सिटीत घालणार होता ना. म्हटलं, सरांचं काम अडायला नको.

उरलेली तीन वाक्यं तोंडातच राहिली. शरीफाबाईंनी खारी पुढे केली. मी ती खाल्ली. चहाही घेतला. पावसापाण्याचं बोललो, त्याच्या वडिलांच्या दुकानाची चौकशी केली. मग शेवटची एसटी चुकेल म्हणून उठलो. शेवटची एसटी सव्वानऊची असते, तेव्हा साडेपाच वाजले होते.

हर्षलाने दारातच विचारलं. मी म्हटलं, हो, मागितली.

संकल्प: पुढच्या रविवारी जाऊन खरोखर माफी मागणे.

१७ ऑगस्ट, रविवार

खालापूरला जाणं झालं नाही. पाऊस होता.

ओमकार संध्याकाळी घरी येऊन गेला. इद्रिसने त्याच्याबरोबर नऊ नंबरची जर्सी पाठवली होती, कॉलेजात जमा करायला. धुऊन, इस्त्री करून. मी ओमकारला म्हटलं, याची काय गरज होती? बाकावर बसून जर्सी कितीशी मळणार?

ओमकार उठला. छत्री उघडून निघून गेला.