अरबी बातम्यांतला निळा दरवाजा

ॲन आर्बर,
९ जानेवारी १९९६

चि. सौ. पद्मिनीस आईचा जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

या खेपेला तुझा भाऊ अनुप लिहीत नाहीये. आपल्या नागपूरची संध्या इथे शिकते, ती बर्फ तुडवत आली, तिला सांगतेय. जसं बोलते तसंच उतरव, शहाणपणा नको, असं बजावलंय.

शेजारी इराकची उम्म करीम, म्हणजे करीमची आई, राहते. तिच्या छपरावर टीव्हीची छत्री आहे अन् घरात दिवसभर अरबी चॅनल. आधी बातम्या, मग गाणी, मग रडकी मालिका. अनुप अन् सूनबाई उपासना एवढे शिकलेले, पण त्या चॅनलपुढे तेही माझ्यासारखेच अडाणी. म्हणून मला तिथे बसायला आवडतं.

परवा बातम्यांत कुवेतचा एक कारखाना दाखवला. जळलेला. निळा दरवाजा, मागे दोन पांढऱ्या टाक्या. आपला प्रल्हाद तिथे कामाला लागला, तेव्हा त्याच दरवाजापुढे फोटो काढून पाठवला होता. मी उशीखालचा फोटो आणून उम्म करीमला दाखवला. तिने दोन बोटं वर केली. दोन महिने झाले म्हणे. मग टीव्ही बंद करून माझा हात धरून बसली.

अन् अनुप मला प्रल्हादची पत्रं वाचून दाखवतोच आहे! गेल्या आठवड्यात वाचलेल्या पत्रात प्रल्हाद उकाड्याने हैराण होता. ऐन थंडीत! शिवाय बूट चोरीला गेल्याचा किस्सा, तो मी उन्हाळ्यातच ऐकलाय. वाचता न येणारीच्या डोक्यात सगळं राहतं, हे पोरगं विसरलं.

प्रल्हाद आहे की गेला, तेवढं लिही. उत्तर संध्याच्या पत्त्यावर धाड. अनुपच्या हातून गेलं की पत्राला इस्त्री होते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आई (अंगठा)


नागपूर,
२६ जानेवारी १९९६

ती. आईस सविनय जयभीम. वि. वि.

प्रल्हाद आहे गं. आगीत दोन्ही हात भाजले, उजव्या हाताची बोटं काढावी लागली. अजून तिथल्याच इस्पितळात आहे. तुला कळू द्यायचं नाही, अशी त्यानेच शपथ घातली. चार घरची भांडी घासून आईने मला लिहायला शिकवलं, आता तिला काय तोंड दाखवू, म्हणतो. जुनी पत्रं वाचायची युक्ती माझी, अनुपवर रागावू नकोस. प्रल्हादचा पत्ता खाली देते. माझा अपराध पोटात घाल.

तुझी पद्मिनी


ॲन आर्बर,
१२ फेब्रुवारी १९९६

चि. प्रल्हादास आईचे आशीर्वाद. वि. वि.

दोन दिवस अन्न गेलं नाही. आज जेवले, म्हणून बोलते.

लिहिता येत नाही म्हणून तोंड लपवतोस? मग मी सत्तर वर्षं काय बुरख्यात राहिले का? शेजारच्या खाटेवर कुणी मराठी असेल, नर्स असेल, त्यांना सांग आणि लिहून घे. मी तेच करते. लाज पहिल्या पत्राला वाटते, पुढे सवय होते.

पण तुझ्या बहीण-भावांनी मला इतकं फसवलंय की आता कागदावर विश्वास नाही. तेव्हा पहिल्या ओळीत मला लहानपणी म्हणायचास तसं ‘म्हातारे’ म्हण. तसं लिहायची हिंमत पद्मिनीला नाही अन् अनुपला नाही. तो शब्द ऐकला की समजेन, तू आहेस.

तोवर रोज उम्म करीमकडे बसते. निळा दरवाजा पुन्हा दाखवतील म्हणून बघत असते. लोभ तुझ्याकडेच आहे, तो परत कर.

तुझी म्हातारी (अंगठा)