माफी कुणी मागायची?

३ फेब्रुवारी

सापडली! 'य'च्या गठ्ठ्यात!

अकरा सोमवार ती शिवणकाम करणारी बाई नक्कल विभागाच्या खिडकीशी येते. मुलाला सात वर्षांची शिक्षा झालीय, अपिलासाठी निकालाची नक्कल हवीय. अकरा वेळा मी 'स'चा गठ्ठा चाळला आणि म्हणालो, "तयार नाही. पुढच्या सोमवारी या." बाईचं नाव 'स'वरून, मुलाचं 'य'वरून. गठ्ठे आम्ही अर्जदाराच्या नावानं लावतो. कुणा शहाण्यानं रजिस्टरात अर्जदार म्हणून आईऐवजी मुलाचंच नाव चढवलं!

'तयार'चा शिक्का १५ नोव्हेंबरचा. शिक्का पडला की अपिलाचे साठ दिवस धावायला लागतात. ते संपून आज वीस दिवस झाले. बाईच्या हातात नक्कल दिली तेव्हा मला वर बघवेना.

४ फेब्रुवारी

आमचे हेडक्लार्क. नाव 'बघूया', कारण कशालाही उत्तर तेच. त्यांनी ते रजिस्टर कपाटात टाकलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात. "नक्कल दिलीस ना? मग विषय संपव."

"अक्षर कुणाचं ते तरी बघू द्या."

"बघूया."

शिसारी आली. बघायचं काय त्यात? डिसेंबरात निवृत्त झालेल्या मॅडमच! खिडकीवर लोक ताटकळायचे आणि ही बाई स्वेटर विणायची. जाता जाता घाण करून गेली.

१० फेब्रुवारी

बाई वकिलाचा अर्ज दाखवायला आली. 'विलंब माफीचा अर्ज.' म्हणजे माफी मागायची तिनं! चोर सोडून संन्याशाला फाशी. वर कारण काय, तर 'अर्जदाराची आई निरक्षर व अडाणी असल्याने'.

"मी निरक्षर कधी झाले हो, दादा?"

वकील म्हणे तिला म्हणाला, "असंच लिहायचं असतं मावशी. अडाणी म्हटलं की माफी लवकर मिळते." थू!

मग तिनं पिशवीतून मापाची वही काढली. छाती छत्तीस, बाही बावीस, आणि खाली तारीख घालून — 'नक्कल: तयार नाही.' अकरा वेळा. माझंच वाक्य, तिच्या सुबक अक्षरात.

"पोरगा त्या दिवशी कामाच्या पाळीवर होता हो," ती म्हणाली. "कुणी ऐकून तरी घेईल का?"

११ फेब्रुवारी

ऑफिसातला चहासुद्धा आज तसाच परत पाठवला.

१३ फेब्रुवारी

कोर्टाला पत्र लिहिलं. चूक आमच्या विभागाची, बाई दर सोमवारी येत होती, तिची वही बघावी. खाली माझी सही.

बघूयांनी वाचलं. दार लोटून घेतलं, आवाज खाली आणला. "फाडून टाक. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

माझ्या भल्यासाठी! जन्मभर झाकपाक करून माणूस असाच होत असणार. नाही फाडलं. त्यांच्या नाकासमोरून आवक टेबलावर नेऊन दिलं.

बायको म्हणाली, "बरं केलंत. पण जेवताना त्यांना शिव्या नकोत, भाजी कडू लागते."

२४ फेब्रुवारी

विलंब माफ! न्यायाधीशांनी पत्र वाचलं, आमचं रजिस्टर मागवलं, मापाची वहीसुद्धा पानं उलटून बघितली म्हणे. अपील दाखल झालं. मुलाचं म्हणणं आता कुणीतरी ऐकेल.

बाई धापा टाकत खिडकीशी आली. "दादा, कोर्टानं मला माफ केलं!"

"मावशी, चूक तुमची नव्हतीच."

"मग माफी मिळाली कुणाला?"

"आमच्या मॅडमना," मी म्हटलं. दोघंही हसलो. फार दिवसांनी त्या खिडकीशी कुणी हसलं. बघूया मान खाली घालून फायली बांधत होते. घाला मान, म्हटलं!

२६ फेब्रुवारी

रजिस्टर कोर्टातून परत आलं. पान उघडलं. 'य'च्या शेपटीला गाठ मारलेली. अशी गाठ आख्ख्या विभागात एकच माणूस मारतो. मी.

बघूयांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आदेशाची नक्कल न्यायला बाई सोमवारी येणार आहे.