टाकीवरची बशी

आबा, तुमची चार सिलिंडरची मोटारसायकल काल दसऱ्याला लोणावळ्यापर्यंत जाऊन आली. चालवत मी होते आणि मागे तुमचा मुलगा बसला होता. सगळ्या वाटेत ती एकदाही अडखळली नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता हे सांगायचं कुणाला? घरात सांगून झालं, गल्लीत सांगून झालं, सकाळी दूधवाल्यालाही धरून सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, लय भारी झालं, पण अर्धा लिटर का एक?" म्हटलं, ज्याला कळेल त्यालाच लिहावं.

लग्न होऊन कामशेतला आले तेव्हा घरात तुम्ही दोघे बापलेक आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोकांच्या सात-आठ मोटारसायकली. सासूबाई आधीच गेलेल्या. हे तळेगावच्या कारखान्यात पाळीवर. सासऱ्यांशी काय बोलायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि सुनेशी काय बोलायचं हे तुम्हाला. सहा महिने आपलं बोलणं म्हणजे "वाढू का?" आणि "वाढ". तुम्ही चुलीवरचं तापलेलं पातेलं नुसत्या हाताने उतरवायचात, आणि मला वाटायचं, म्हातारा उगाच शौर्य दाखवतोय. शुगरने तुमच्या बोटांची जाणीव चालली होती हे मला कुठे माहीत? तुम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. ज्याचं पोट बोटांवर, तो कशाला सांगेल?

मग ती सकाळ. मी भाकरी थापतेय आणि तुम्ही दारात उभे. "पोरी, जरा शेडमधी ये." मी हात धुवायला वळले तर म्हणालात, "ऱ्हाऊ दे. हितं पिठाचं हात चालत्यात." दोन सिलिंडरची गाडी होती, दोन्ही कार्बोरेटरची तोंडं उघडी, इंजिन बंद. एकेका तोंडात एकेक बोट घाल म्हणालात. आत झडप असते, हँडलची मूठ पिळली की वर उठते. दोन्ही झडपा एकदम उठल्या पाहिजेत, नाहीतर एक सिलिंडर ओढतं आणि दुसरं फरफटत जातं. हे सगळं तुम्ही मला मुलाला पाढे शिकवावेत तसं सांगितलंत आणि मूठ हळूच पिळलीत. "कुठली आदी उठली?" "डावी." "किती?" मला मापबीप काही सुचेना. म्हटलं, "एका तांदळाएवढी." तुम्ही मान वर केलीत. "उभ्या का आडव्या?" "आडव्या." लग्नानंतर मी तुम्हाला हसताना पाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. तुम्ही झडपेच्या तारेचा स्क्रू जरासा फिरवलात. "आता?" "अर्धा तांदूळ." "आता?" "आता दोघी बरोबर." तव्यावरची भाकरी तोवर कोळसा झाली होती. तुम्ही ती तशीच चहाबरोबर खाल्लीत आणि चांगली झालीय म्हणालात. एवढं खोटं माझ्याशी माहेरीसुद्धा कुणी बोललं नव्हतं.

त्या दिवसापासून माझी बोटं तुमची झाली. बायका कुजबुजायच्या, सासऱ्याने सुनेला ग्रीसमध्ये लोळवलं म्हणून. मी एकदा भीतभीत विचारलं, आबा, लोक काय म्हणतील? तुम्ही पाना पुसत म्हणालात, "म्हणू दे की. त्यांच्या गाड्या शेवटी हितंच येत्यात." दिवाळीला यांनी मला साडी आणली आणि तुम्ही एक बुटका स्क्रूड्रायव्हर दिलात, मूठ माझ्या हाताला बसेल अशी कानशीने घासलेली. साडी कधीच विरली. स्क्रूड्रायव्हर आत्ता या कागदावर ठेवलाय, वाऱ्याने उडू नये म्हणून.

आणि तुमची ती बशीची परीक्षा. कार्बोरेटर जुळवून झाले की गाडी मधल्या स्टँडवर चढवायची, इंजिन गरम करून संथ चालू ठेवायचं आणि पेट्रोलच्या टाकीवर चहाने भरलेली बशी ठेवायची. शंभरपर्यंत आकडे मोजायचे. थेंब सांडला नाही तर गाडी पास, आणि ज्याने जुळवली त्याने तो चहा प्यायचा. तुमच्या चहातली साखर मी बंद केली होती, पण टाकीवरच्या चहात तुम्ही बिनदिक्कत दोन चमचे घालायला लावायचात. का, तर तो गाडीचा. एकदा मी बशी जरा कमी भरली तेव्हा तुम्ही ती उचलून माझ्या हातात परत दिलीत. "काठोकाठ भरायची. काठ सोडून भरलेली बशी म्हंजी कॉपी करून पास झाल्यावानी." मी चिडले होते. तुमच्यासमोर चिडता येतं हे मला तेव्हा नुकतंच कळलं होतं.

मग लोणावळ्याच्या एका बंगल्यातले म्हातारे साहेब बंगला विकून निघाले आणि जाताना त्यांची बंद पडलेली जपानी गाडी तुम्हाला देऊन गेले. चार सिलिंडर, चार कार्बोरेटर एका रांगेत, चार सायलेन्सर. टेम्पोतून उतरवली तेव्हा तुम्ही तिच्याभोवती तीन चकरा मारल्यात आणि म्हणालात, "घरात सून एकच व्हती, आता चार आनखी आल्या." त्यांची नावंही पडली, थोरली, दुसरी, तिसरी, धाकटी. चौघींनी सारखंच ओढायचं, एकीने जास्त हवा घेतली की बाकीच्या रुसणार. इथे बोट घालून भागत नव्हतं. तुम्ही रबरी नळी आणलीत, तिचं एक टोक माझ्या कानात, दुसरं एकेका तोंडापाशी, आणि मी सुस्कारे ऐकून सांगायचे, थोरली जोरात घेतेय, धाकटी दबलीय. महिन्याभरात चौघी जवळपास जुळत आल्या. मला तर बशी टाकीवर ठेवल्यासारखीच दिसत होती.

आता जे लिहायचंय ते लिहिते. तुम्ही शुगर तपासायला तळेगावला गेला होतात आणि जाताना सांगून गेलात, चौघींचे जेट पेट्रोलमध्ये धुऊन, फुंकून ठेव. जेट म्हणजे पितळेची इवलीशी नळी, तिच्या केसाएवढ्या भोकातून पेट्रोल येतं. तीन साफ झाले. तिसरीचा बुजलेला. फुंकून फुंकून माझे गाल दुखले. आणि आबा, मी स्टोव्ह पेटवणारी बाई. रोज सकाळी स्टोव्हचं भोक बुजतं आणि रोज मी पिन घालून ते मोकळं करते. मी स्वयंपाकघरात गेले, स्टोव्हची पिन आणली आणि जेटमध्ये घातली. जाईना, म्हणून फिरवून फिरवून घातली. पलीकडचा उजेड दिसला तेव्हा स्वतःवरच खूश झाले.

दुसऱ्या दिवशी गाडी लंगडायला लागली. तिसऱ्या सायलेन्सरमधून काळा धूर, प्लगवर काजळी. तुम्ही प्लग काढून नखाने काजळी खरवडलीत. मग जेवताना, भात कालवता कालवता, कुणाकडेही न बघता म्हणालात, "जेटमधी तार कदी घालायची न्हाई. पोरीचं कान टोचल्यावानी असतंय, भोक पडलं की पडलं." यांना वाटलं, बाप नेहमीसारखा धंद्याचं बोलतोय. मला मात्र स्टोव्हची पिन आठवली. भोक मोठं झालं होतं, नको तेवढं पेट्रोल आत जात होतं, आणि हवा कितीही जुळवली तरी ती गाडी आता जुळणार नव्हती. सांगायला तोंड उघडलं आणि तुम्हाला ताक वाढलं.

त्या गाडीचा दुसरा जेट मिळण्याचे ते दिवस नव्हते. पुढची तीन वर्षं तुम्ही तिच्याशी झटलात. लोणावळ्याचे गॅरेजवाले उस्ताद, तुमचे जुने दोस्त, दर महिन्याला यायचे आणि चार माणसांत म्हणायचे, "आबा, तुमचा हात दोन कार्बोरेटरपर्यंतच. चार सुना सांभाळणं तुमचं काम नाही." ते चेष्टेत म्हणायचे, पण गिऱ्हाइकांनी ते खरं धरलं. आबांचा हात गेला, असं लोणावळ्यापासून तळेगावपर्यंत झालं. तुम्ही हसून उत्तर द्यायचात, "तिसरी जरा नाजूक हाय. घरची हाय, सांबाळून घ्यायची." मी तिथेच उभी असायचे, कानात नळी घालून.

तुम्ही गेल्यावर शेड मी चालवली. स्कूटर, मोपेड, आता तर कार्बोरेटर नसलेल्याच गाड्या. तुमची गाडी ताडपत्रीखाली. तिच्यावरची धूळ झटकायचाही मला धीर होत नसे. यंदा गणपती उठले आणि हे म्हणाले, विकून टाकू. पुण्याचा एक माणूस दोनदा बघून गेला होता. मी म्हटलं, तिने काय घोडं मारलंय तुमचं? हे म्हणाले, "ती दिसली की आबांना हसणारी माणसं आठवतात गं." मी म्हटलं, दसऱ्यापर्यंत थांबा. दसऱ्याला टाकीवर बशी थांबली तर गाडी घरात राहील, नाही थांबली तर मी स्वतः टेम्पोत चढवून देईन. हे कबूल झाले. त्यांना ठाऊक होतं, नाही थांबणार.

नवे जेट आता मोबाईलवर मागवता येतात, आठ दिवसांत घरी. मी जुने काढायला घेतले. थोरलीचा, दुसरीचा, धाकटीचा. शेवटी तिसरीचा जेट तळहातावर घेतला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. त्याच्या तोंडाला कथलाचा टिपका होता. भोक कथलाने बुजवून त्यात नवं बारीक भोक पाडलेलं, हाताने, जरासं तिरकं, म्हणूनच तिसरी तरीही पुरती जुळली नव्हती. ज्या बोटांना तापलेलं पातेलं कळत नव्हतं, त्या बोटांनी तुम्ही ते केलं होतंत, मी घरात नसताना कधीतरी. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. काय बिघडलंय ते, आणि कुणी बिघडवलंय तेही, कारण त्या गाडीला तुमच्यामाझ्याशिवाय हात लावणारं होतंच कोण? बोलला असतात तर मी त्याच दिवशी शेड सोडून चुलीपाशी गेले असते आणि परत पाऊल ठेवलं नसतं. माझा स्वभाव मला माहीत आहे, आणि बहुतेक तुम्हालाही होता. मी पत्र्याला टेकून रडले. रडता रडता "तिसरी नाजूक हाय" आठवलं आणि हसू फुटलं. बाहेरून यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, पेट्रोल डोळ्यात गेलं.

काल सकाळी नवे जेट बसवलेल्या गाडीला झेंडूची माळ घातली, ती तापवली, तुमची नळी कानात घेतली. थोरली, दुसरी, तिसरी, धाकटी. अर्धा तांदूळ, पाव तांदूळ, आणि मग चौघींचा सुस्कारा एक झाला. बशी मी ठेवली, आकडे यांनी मोजले. साठनंतर त्यांचा आवाज बारीक होत गेला आणि शंभर तर त्यांनी म्हटलंच नाही, नुसती मान हलवली. थेंब सांडला नाही. डोळे पुसून म्हणाले, "आबांना जमलं नाही ते तुला जमलं." हे वाक्य मी गिळू शकले असते, आबा. खोटं कशाला बोलू, क्षणभर गोड लागलं. मग तो कथलाचा जेट त्यांच्या हातावर ठेवला आणि स्टोव्हची पिन, भात, ताक, सगळं सांगितलं. ते जेट उलटसुलट करून बघायला लागले आणि मला वाटलं, आता संसार मोडतो. मग पोट धरून हसत सुटले. "तरीच म्हातारा म्हणायचा, घरची हाय." हसून झाल्यावर चप्पल घातली आणि मागच्या सीटवर बसले. "चल लोणावळ्याला. उस्तादांना सांगायचं."

उस्ताद आता दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसतात, काम मुलगा बघतो. मी गाडी त्यांच्यासमोर उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "आबांची?" "आबांचीच." "तिसरी बोलायला लागली की." मी खाली उतरून, त्यांच्या मुलादेखत, दोन गिऱ्हाइकांदेखत सांगितलं की आबांचा हात कधीच गेला नव्हता, पिन माझी होती. त्यांनी जेट बोटांत फिरवला, उजेडाकडे धरून भोक पाहिलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मी इतकी वर्षं उगाच हसलो." आणि मुलाला म्हणाले, बघ, कथलात भोक असं पाडतात. येताना कार्ल्याच्या पुढे रस्ता मोकळा होता, मी मूठ पिळली, चौघी एका दमात धावल्या आणि यांनी मागून माझा खांदा घट्ट धरला. साठीला आलेला नवरा असा बिलगला की बरं वाटतं, हे तुम्हाला लिहू नये, पण लिहिलं.

गाडी राहिली. तुमचा जेट माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे. हे पत्र सीटखालच्या हत्यारांच्या पिशवीत ठेवते, दुसरीकडे कुठे ठेवणार? फक्त एक गोष्ट यांना सांगितली नाही, उस्तादांनाही नाही. काल टाकीवरची बशी काठोकाठ नव्हती. गाडी जाईल अशी भीती वाटली, म्हणून करंगळीच्या नखाएवढी कमी भरली. तुम्ही असतात तर लांबूनच ओळखलं असतंत, आणि बोलला काहीच नसतात.