नव्वद टक्क्यांच्या खाली नाही

३ मार्च, सकाळी
आज थर्मास घासताना एकदम तो दिवस आठवला. मी, ताई आणि हे. जुनी गाडी, भर रस्त्यात पेट्रोल संपलेलं. हे डबा घेऊन पंप शोधायला चालत गेले आणि आम्ही दोघी बहिणी कडेच्या दगडावर बसलो. थर्मासला झाकण एकच, म्हणून दोन घोट तिचे, दोन माझे. कॉफी कोमट. दीड तास नुसत्या हसत होतो. कशाला, ते आता आठवत नाही.

ताई चोवीस तारखेला लेकीकडे परदेशी जाते आहे. कायमची. तिचं घर इथून तीनशे दहा किलोमीटर. त्याआधी मी स्वतः गाडी चालवत तिला भेटायला जाणार. त्यासाठी इलेक्ट्रिक एसयूव्ही घेणार. या वेळी वाटेत अडकायचं नाही, तेव्हा नीट तुलना करूनच.

मुलगा म्हणाला, आई, बसने जा ना, पाच तासांत पोचशील. मी काय पार्सल आहे? वर म्हणाला, बाबा गेल्यापासून तू बाजाराच्या पुढे गाडी नेलेली नाहीस. हायवे मला पाठ आहे. नकाशा मीच धरत असे.

५ मार्च
वही आखली. समास लाल, रकाने निळे. शाळेतल्या सिस्टर आज खूश झाल्या असत्या. तीन गाड्या: पांढरी, निळी, करडी. किती वेगाने चार्ज होते, एका चार्जमध्ये किती जाते, शंभर किलोमीटरला किती युनिट खाते. सोमवारपर्यंत निर्णय. नक्की.

६ मार्च
शोरूम. तिथली मुलगी म्हणाली, करडी अठ्ठावीस मिनिटांत दहा टक्क्यांवरून ऐंशीवर जाते. मी विचारलं, आणि वरचे वीस? म्हणाली, त्याला पुन्हा तेवढाच वेळ लागतो मॅडम, प्रवासात कुणी करत नाही. मला गणितात ऐंशी मिळाले तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं होतं, वीस कुठे सांडलेस? करडी बाद.

९ मार्च (सोमवार, पण निर्णय घाईत घेऊ नये)
पांढरीची रेंज, कंपनीच्या कागदावर चारशे ऐंशी. शेजारचे भाऊजी निवृत्त इंजिनियर. म्हणाले, वहिनी, रस्त्यावर तीनशे सत्तर धरा. एसी लावलात तर तीनशे चाळीस. घाटाचे मी पंधरा कमी केले. ताईसाठी पुस्तकांची पेटी, दहा. मनाच्या समाधानासाठी वीस. उरले दोनशे पंचाण्णव. म्हणजे मी ताईच्या दारापासून पंधरा किलोमीटर अलीकडे उभी! भाऊजी म्हणाले, अहो, वाटेत चार चार्जर आहेत! मी म्हटलं, ते चारही चालू असतील असं लिहून द्या. चहा न घेताच गेले.

१२ मार्च
निळीची टेस्ट ड्राइव्ह. एसी बंद, पंखा बंद, काचा बंद, वेग पस्तीस. शंभर किलोमीटरला साडेदहा युनिट! शोरूमची मुलगी म्हणाली, असा आकडा अजून कुणी काढला नाही. तिचा चेहरा घामाने डबडबला होता. अभिमानाने असावा. मागे ही लांब रांग. सगळे हॉर्न वाजवून कौतुक करत होते. या वेगाने ताईकडे नऊ तास. हरकत नाही.

१५ मार्च
ताईचा फोन. म्हणाली, काय गं, गाडी घेतेयस की गाडीशी लग्न ठरवतेयस? तीन स्थळं बघून झाली! मी सांगितलं, निळी ते पुन्हा द्यायला तयार नाहीत, पण पांढरी आठवडाभर ट्रायलला मिळते आहे, अठराला निघते. बघते हं वाट, म्हणाली.

१७ मार्च
सराव म्हणून पांढरी चौकातल्या चार्जरवर लावली. थर्मास घेऊन पन्नास मिनिटं बसले. मग एक टॅक्सीवाले म्हणाले, मावशी, कार्ड टेकवलंच नाही तुम्ही. चार्ज शून्य. कॉफी उत्तम.

१८ मार्च, सकाळी सहा
घरच्या प्लगवर शंभर टक्के. निघाले! नियम एकच: नव्वदच्या खाली जाऊ द्यायची नाही.

त्याच दिवशी, साडेआठ
घरी. टोलनाक्याशी नव्वद झाले म्हणून चार्ज करायला परतले. घरी येईतो एक्क्याऐंशी. बघा! परत फिरले नसते तर?

१९ मार्च
पुन्हा निघाले. तोच टोलनाका. नाक्यावरचा माणूस म्हणाला, आजी, आज लवकर परतलात.

२० मार्च
तिसऱ्यांदा. त्याने नुसता हात हलवला. मुलगा म्हणाला, आई, तीन दिवसांत तू दोनशे दहा किलोमीटर गाडी चालवलीस. मी म्हटलं, म्हणजे राहिले किती? फक्त शंभर!

उद्या विश्रांती. परवा नक्की.

२२ मार्च
पेटी गाडीत ठेवत होते, तेवढ्यात फाटकाशी ताई. हातात एक पिशवी. बसने आली, सव्वापाच तासांत. म्हणाली, नवरीला स्थळ पसंत पडेपर्यंत थांबले तर माझं विमान सुटायचं. चार्जिंग: दोन कप चहा. हे वहीत लिहिलं. चौथा रकाना आखावा लागला.

दुपारी म्हणाली, दाखव तरी तुझी पांढरी. फाटकाशीच, सावलीत, आत जाऊन बसलो. दोन घोट तिचे, दोन माझे. गाडी जागची हलली नाही. दीड तास.

मधेच तिने विचारलं, हायवेची भीती वाटते ना गं? मी म्हटलं, छे, रेंजची. बरं, म्हणाली, आणि झाकण माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाली, चालवायचे ते, तू नकाशा धरायचीस. मी समोरचा आकडा वाचला. शंभर टक्के चार्ज होता.

२३ मार्च
ताई सकाळच्या बसने गेली. कोणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते, नाहीतर राहून जातं.

पांढरी गाडी: शोरूमच्या मुलीला, आजच परत. सोबत एक मोठा रुमाल.
पुस्तकांची पेटी: ताईच्या गावच्या वाचनालयाला. मुलाने पार्सलने पाठवावी, बसने.
जुना रस्त्यांचा नकाशा: मुलाला. हसेल. हसू दे.
थर्मास: ताईला. तो तिच्या पिशवीत, साड्यांच्या खाली, कालच गुपचूप ठेवला.
झाकण: माझ्याकडे. तिच्या लक्षात येईल तेव्हा ती समुद्रापलीकडे असेल. मलाच नेऊन द्यावं लागणार.
तुलनेची वही: भाऊजींना. पण इतक्यात नाही. त्यांना आधी विचारायचं आहे, विमान एका टाकीत किती जातं?