अ‍ॅग्नेस टायसनचा पाव

३ ऑक्टोबर १८८४
पोचले एकदाची स्केलबेकला! घोडागाडीने हाडं खिळखिळी केली, पण समोर तळं, तळ्यामागे डोंगर आणि शाळेला लागून माझं स्वतःचं दोन खोल्यांचं घर. शेजारीण टॅमर फ्लेमिंग कोंबड्या पाळते. चांगली गरगरीत आहे, तोंडात एकही दात नाही, पण जीभ धारदार. अंडी घेऊन आली आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाली, "एवढीशी बाई तू, आमची वांड पोरं आवरणार कशी गं?" मला ती फार आवडली.

१९ ऑक्टोबर
आज अ‍ॅग्नेस टायसन या मेंढ्यावाल्या म्हातारीला पोचवलं. इथली रीत अशी की, मयताच्या घरून निघताना प्रत्येकाच्या हातात शहाजिऱ्याचा छोटा पाव देतात. तो आपल्या चुलीपाशी बसून खायचा. थडगी खणणारा आयझॅक बर्केट मला बजावत होता, "गेलेल्याचं हे शेवटचं जेवण, बाई. खायचं आपण, पोट भरतं त्याचं. कण टाकायचा नाही."

मी मान डोलावली. पण ते पाव शवपेटीला टेकून रचलेले मी पाहिले होते. मला तो खाववेना. येताना कुणी बघत नाहीसं पाहून तळ्यात टाकून दिला. संध्याकाळी आयझॅकने विचारलं, तेव्हा सांगितलं की सगळा संपवला. शिकल्यासवरल्या बाईला एवढं खोटं बोलायची काय गरज होती, कोण जाणे.

२७ ऑक्टोबर
काल संध्याकाळी दार वाजलं. म्हातारा आवाज, अगदी अदबीने: "माझा वाटा राहिलाय का गं इथे?" खिडकीतून पाहिलं तर दारात कुणीच नाही. मी आतूनच म्हणाले, मी खाल्ला.

आज कळलं, दार घरोघरी वाजलं होतं. कुणीतरी पाव खाल्लेला नाही, असं आयझॅक म्हणाला आणि सगळ्यांच्या नजरा टॅमरकडे वळल्या. एका मेंढ्यावरून तिचं आणि अ‍ॅग्नेसचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. टॅमर कडाडली, "दात नाहीत म्हणून दुधात भिजवून खाल्ला, पण खाल्ला!" मग मला विचारलं. मी हो म्हटलं आणि सगळ्यांना लगेच पटलं. बाईंवर कोण शंका घेणार? तेव्हापासून टॅमरची अंडी कुणी घेत नाही. मला तिच्याकडे बघवत नाही.

२ नोव्हेंबर
आता फक्त माझंच दार वाजतं, रोज. आज प्रार्थना संपल्यावर खरं सांगायचं ठरवून चर्चमध्ये उभी राहिले. सगळे वळले. टॅमरही. मी जाहीर केलं की सोमवारी शाळेला सुट्टी.
शी! थू माझ्या जिण्यावर.

४ नोव्हेंबर
आवाज खिडकीशी. भूक लागलीय म्हणते. मी म्हणाले — देवा, मी असं म्हणाले — टॅमरकडे आहे तुझा वाटा.
पावलं तिकडे गेली. मी कान झाकून बसले.

५ नोव्हेंबर
टॅमर चुलीपाशी सापडली. अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं. आयझॅकने एका हाताने उचलली. लोक म्हणाले, खोटारडीला शिक्षा झाली. त्यांच्यात मीही मान हलवली — मीही —

८ नोव्हेंबर
टॅमरला पोचवून आलो. तिचा पाव खातेय. गिळवत नाही —

भर दुपारी दार. आज दोघी आहेत.

टॅमरला पाव नकोय. खरं काय ते गावासमोर बोल म्हणते. एवढंच कर, मग ह्या अ‍ॅग्नेसला मी माघारी नेते —

आयझॅक रस्त्याने चाललाय. खिडकी उघडून हाक मारली. थांबला. टोपी काढून म्हणाला, "काय बाई, सगळं ठीक ना?"

मी म्हणाले, हो, अगदी ठीक.

तो गेला. टॅमरही अ‍ॅग्नेसला वाट देत दारातून बाजूला झाली — कडी आपोआप —