दुसरा दोर

प्रिय दादा,

एकाच घरात राहून पत्र कसलं लिहितेस, असं म्हणून हसशील. पण तोंडाने बोलायला गेले की तू काहीतरी विनोद करतोस, मला हसू येतं आणि विषय राहतो बाजूला. म्हणून कागद घेतला.

हे काम मला तूच शिकवलंस. उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसायच्या तर दोर दोन लागतात. एक बसायच्या फळीला, दुसरा कमरेच्या पट्ट्याला. पहिला तुटला तर दुसरा धरतो. तू खाली लोंबकळणार, मी गच्चीवर दोरांपाशी. गाठ डोळ्यांनी बघायची, हाताने ओढायची, मग पुन्हा बघायची. माझी एक गाठ ढिली निघाली तेव्हा चारचौघांत झापलंस आणि वर 'सुतळी' हे नाव चिकटवलंस. केवढा राग आला होता तुझा! आज तोच, पुन्हा पुन्हा गाठ तपासणारा भित्रा दादा मला परत हवाय.

कारण हल्ली तू बहाद्दर झालायस. मी मागे बसलेली असताना हात सोडून स्कूटर चालवतोस, लाल दिवा तर तुला दिसतच नाही. कठड्यावर उभा राहून समोरच्या ऑफिसवाल्यांना सलाम ठोकतोस. ते व्हिडिओ काढून तुला पाठवतात आणि बाबा तेच शेजाऱ्यांना दाखवत फिरतात, पोरगा वाघ आहे म्हणून. वाघ कसला डोंबलाचा. घरात बाटली सापडली त्याच्या कितीतरी आधी मला हा माज दिसला होता. आपल्या घरच्यांच्या लेखी दारुडा म्हणजे झोकांड्या खाणारा. तू पडत नव्हतास, त्यामुळे दारूचं नाव कुणी घेईना. मी घेतलं तर मी आगलावी.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीनंतर तू तोंडात पेपरमिंट चघळत आलास. वास त्यानेही लपला नाही. दुसरा दोर अडकवलाच नाहीस आणि मला डोळा मारून कठडा ओलांडायला निघालास. मी पट्ट्याला धरून तुला मागे खेचलं, दोन्ही दोर सोडून गुंडाळले आणि इमारतीच्या मॅनेजरला सांगितलं, माझा भाऊ प्यायलाय, काम बंद. सगळ्यांसमोर सांगितलं. काम गेलं ते गेलंच.

बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. आई म्हणते, सख्ख्या भावाचं नाक कापलंस, आता निदान माफीचं पत्र तरी लिही. आत्ता ती समोरच बसलीय आणि तिला वाटतंय मी माफी मागतेय. मी नाही मागणार. नाक कापलेला भाऊ मला चालेल, दादा. दोर माझ्या कपाटात आहेत आणि किल्ली माझ्याकडे. डॉक्टरांकडे चल, मी येते सोबत, बाहेर बाकावर बसून राहीन. आणि मग एखाद्या सकाळी शुद्धीत माझ्यासमोर उभा राहा, माझी गाठ ओढून बघ आणि ढिली आहे म्हणून मला चारचौघांत झाप. त्या दिवशी दोर बाहेर काढीन. तोवर घरात कुणी कितीही रडलं तरी मिळायचे नाहीत.

तुझीच,
सुतळी